पांढऱ्या दोरीतली किल्ली

लिमये साहेब माणसांना 'अहो' म्हणत आणि कंट्रोलरला 'अरे'. झाडू मारणाऱ्या मावशींपासून कंपनीच्या मालकांपर्यंत सगळ्यांना एकच अहो, त्यात काटकसर नाही की भेदभाव नाही. पण बंद पडलेल्या मशीनपुढे उकिडवे बसले की त्यांचा आवाज एकदम घरगुती व्हायचा. "काय रे, काय झालं तुला? कोणी छळलं?" असं ते त्या पत्र्याच्या पेटीला विचारायचे, आणि पेटी जणू उत्तर देणार आहे अशा बेताने थोडं थांबायचेसुद्धा. बघणाऱ्याला हसू यायचं. मला कधी आलं नाही, कारण पेटी खरंच उत्तर द्यायची.

ही पेटी म्हणजे मोशन कंट्रोलर. मशीनचा हात किती पुढे जायचा, किती वेगाने जायचा आणि कुठे थांबायचा, हे ती ठरवते. आमची छोटी कंपनी हडपसरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये हे कंट्रोलर बनवायची. देशाची दारं नुकतीच उघडली होती, बाहेरचा माल धडाधड येत होता, आणि आमचे मालक 'आपणही काही कमी नाही' असं रोज सकाळी स्वतःलाच सांगत होते. पेटीच्या तोंडावर मोजून चारच गोष्टी असत. बिघाडाचा आकडा दाखवणारी लाल अक्षरांची खिडकी, रिसेटचं पांढरं बटण, किल्लीचा एक स्विच आणि त्या स्विचच्या डोक्यावर पिवळा दिवा. या चार गोष्टींवर लिमये साहेबांचं सगळं तत्त्वज्ञान उभं होतं.

त्यातलं पहिलं सूत्र मला मुलाखतीतच कळलं. आम्हा उमेदवारांना एकेक करून टेस्टिंगच्या खोलीत नेलं. मशीन अडकून पडलेलं, खिडकीत आकडा लुकलुकतोय, आणि लिमये साहेब खुर्चीत बसून बशीतून चहा पिताहेत. "चालू करा," एवढंच म्हणाले. माझ्या आधीच्या मुलांनी म्हणे जाऊन थेट रिसेट दाबलं होतं. आकडा गेला, मशीन चाललं, मुलं खूश. मी आधी वाकून आकडा बघितला, आणि कागद नव्हता म्हणून पेनने तळहातावर लिहून घेतला.

"हातावर का लिहिलंत?"

"रिसेट दाबलं की जाईल ना सर तो. मग कशाने थांबलं होतं हे कोणाला विचारायचं?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "अहो गायकवाड, तुम्ही सोमवारपासून या."

'आधी वाचा, मग दाबा' हा त्यांचा मंत्र. भोसरीच्या एका कारखानदाराने एकदा फोनवर मोठ्या अभिमानाने सांगितलं की मशीन सारखं थांबतं, पण आम्ही रिसेट करून करून चालवतो. साहेब शांतपणे म्हणाले, "वा. तुमच्या घरी ताप आला की थर्मामीटर झटकून ठेवता का?" पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. शनिवार पेठेतल्या त्यांच्या घराच्या बेलखालीसुद्धा पाटी होती: 'एकदाच दाबावी. आतली माणसं बहिरी नाहीत, म्हातारी आहेत.'

त्या घरी मी एकदा गेले होते. वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीने, चहा आणि साबुदाण्याची खिचडी दिली. घरी परत आल्यावर माझ्या आईने पहिला प्रश्न विचारला, "चहा कोणत्या कपात दिला?" "त्यांच्याच," मी म्हणाले, "आणि साहेबांच्या ताटाशेजारी बसून खिचडी खाल्ली." दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यात आईने दोन चपात्या जास्त घातल्या होत्या. साहेबांसाठी. पुढे कित्येक वर्षं त्या दोन चपात्या जातच राहिल्या, आणि साहेब "आईंना नमस्कार सांगा" म्हणून त्या आवडीने खातही राहिले. आज त्या चपात्यांची आठवण आली की मला आईसाठी जास्त वाईट वाटतं.

आता किल्लीबद्दल. कंट्रोलरच्या स्विचला दोन जागा होत्या, 'काम' आणि 'तपासणी'. कामावर असताना मशीनचं दार उघडलं की मशीन जागच्या जागी थांबायचं. पण आम्हाला दुरुस्ती करताना दार उघडं ठेवून आतला हात हलताना बघावा लागतो, म्हणून ही तपासणी. त्यात दार उघडलं तरी मशीन चालतच राहतं. पिवळा दिवा लागतो तो एवढ्याचसाठी, की बाबांनो, आता दाराच्या भरवशावर राहू नका.

प्रत्येक मशीनची किल्ली गिऱ्हाइकाच्या सुपरवायझरकडे असायची. लिमये साहेबांची शिस्त अशी, की कामाला गेलं की ती मागून घ्यायची, आपापल्या दोरीत ओवून गळ्यात घालायची, काम संपलं की स्विच परत कामावर फिरवायचा आणि किल्ली परत द्यायची. "गळा रिकामा, मगच गेटबाहेर." आम्ही सगळे इंजिनियर गेटवर आलो की नकळत गळ्याला हात लावायचो. माझी दोरी निळी होती. साहेबांची पांढरीशुभ्र, दर रविवारी साबणाने धुतलेली. "आमचं दुसरं जानवं," ते म्हणायचे, "पहिल्याचे नियम पाळले नाहीत, याचे पाळतो."

एकदा रांजणगावहून आम्ही दोघं कंपनीच्या जीपने परत येत होतो. लोणीकंदच्या जवळ साहेबांचा हात गळ्याकडे गेला. किल्ली गळ्यातच. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, उद्या कुरियरने पाठवू की." साहेबांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मुकाट्याने जीप वळवली. परत गेलो. स्विच व्यवस्थित कामावर होता, दार उघडलं की मशीन व्यवस्थित थांबत होतं, कोणाचं काही बिघडलं नव्हतं. तरी साहेबांनी सुपरवायझरच्या हातात किल्ली देऊन माफी मागितली. परत येताना जीपमध्ये त्यांचे डोळे मिटलेले होते आणि मी त्यांच्याकडे बघत मनात म्हणत होते, माणूस असावा तर असा. हे मी आजही खोडणार नाही. त्या दिवशी ते तसे होतेच.

फक्त एक गोष्ट मला टोचायची. चांगल्या स्विचमधून किल्ली फक्त कामाच्याच जागेवर बाहेर निघते. तपासणीवर असताना ओढली तर निघतच नाही, म्हणजे विसरायची सोयच नाही. आमच्या स्विचमधून ती दोन्हीकडून निघायची. मी विचारलं तेव्हा साहेब जरा चिडले. "अहो, तो बाहेरचा स्विच किती महाग आहे माहीत आहे? मालकांना हा परवडला, मी मान्यता दिली. आणि माणसाला शिस्त असली की स्विच कसलाही चालतो."

मला उत्तर पटलं. साहेबांची शिस्त डोळ्यांसमोर असताना कोणालाही पटलं असतं.

त्या वर्षी फुरसुंगीच्या अलीकडच्या एका पॅकिंगच्या कारखान्यात मी आमचा कंट्रोलर बसवला. मशीन सुरू करून दिलं, दार सगळ्यांसमोर उघडून बंद करून दाखवलं, किल्ली परत दिली. ऑपरेटर मारुती म्हणून होता, तो गमतीने दार सारखं उघडून बघायचा, मशीन गप झालं की हसायचा. पुढे दसरा आला. दसऱ्याला आमच्या घरचे सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. मी रजा मागितली. साहेब म्हणाले, "जा, अवश्य जा. इथे मशीनची पूजा करायला पुष्कळ माणसं आहेत."

खंडेनवमीला पुण्यातल्या सगळ्या कारखान्यांत मशीनं पुसतात, हळदीकुंकू लावतात, झेंडूचे हार घालतात. त्या कारखान्यातही घातले. कोणीतरी भक्तिभावाने पाण्यात कालवलेलं कुंकू आमच्या पेटीलाही लावलं, आणि लावायला जागा निवडली ती रिसेटच्या पांढऱ्या बटणाची. बरोबर मधोमध, गोल, सुबक टिळा. कुंकू कडेने आत झिरपलं आणि बटण आत रुतून बसलं. रिसेट दाबलेलं ते दाबलेलंच. तिथल्या मालकांनी नारळ फोडून मुहूर्ताला मशीन एकदा चालू करायला बोट लावलं, तर मशीन हलेना. एवढ्या शुभदिनी! आमच्या ऑफिसला फोन गेला. मी नागपूरच्या गाडीत होते, बाकीचे सुट्टीवर. लिमये साहेब स्वतः स्कूटर काढून गेले.

हे सगळं मला नंतर मारुतीने सांगितलं. ससूनच्या वॉर्डात, हाताला पट्टी बांधून बसला होता. उजव्या हाताची दोन बोटं गेली होती.

"म्याडम, तुमचं ते चष्म्यावालं सायेब आलं. बरश घेतला, स्पिरीट घेतलं, समदं कुकू काढलं. मग किल्ली लावून, दार उघडं ठिवून हात फिरवून बघितला. पिवळा दिवा लागल्याला म्या बघितला की. सुपरवायजर परसाद वाटीत हुता, किल्ली कुनी घेतली, परत आली का, त्येनं बघितलंच न्हाई. सायेबांनी पेढा खाल्ला, नारळ घेतला आन् गेलं. मग आमच्या बायांनी पुन्यांदा मोठा हार घातला."

"आणि दिवा?"

"हारामागं. देवाचा हार, सुकल्याबगर कोन काढतंय? दसरा झाल्यावर कामाला लागलो. पुडा अडकला. दार उघडलं की मशीन गप बसतंय, ह्ये हाताला ठावं हाय. घातला हात."

तो रडत नव्हता. पट्टीकडे बघून त्याने एवढंच विचारलं, "म्याडम, दारानं का न्हाई थांबवलं?"

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. मला मारुतीचं वाईट वाटत होतं, आणि त्याच वेळी साहेबांची काळजी वाटत होती, हे लिहायला पाहिजे. एवढा जपणारा माणूस, त्याच्याकडून ही चूक झाली. त्यांना आतून किती खात असेल! उद्या ते स्वतःच सांगतील, मालकांपुढे उभे राहतील, त्यांच्या बाजूला आपण उभं राहायचं, असं मी ठरवून टाकलं. रांजणगावची जीप मी पाहिली होती ना.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या केबिनमध्ये बैठक. परदेशी कंपनीची माणसं पुढच्या आठवड्यात भागीदारीच्या बोलणीसाठी येणार होती, त्यामुळे मालकांचा चेहरा उतरलेला. त्यांना एकच गोष्ट हवी होती: चूक पेटीची नाही, माणसाची आहे, आणि तो माणूस हा.

"स्विच तपासणीवर कोणी ठेवला?" त्यांनी विचारलं.

लिमये साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मशीन गायकवाडांनी सुरू करून दिलं. त्यानंतर किल्लीचं काम कोणाला पडलेलं नाही."

मला वाटलं पुढचं वाक्य येतंय. आलं नाही.

"साहेब," मी म्हणाले, "नवमीला तुम्ही गेला होता."

"रिसेटचं बटण साफ करायला. किल्ली लावायची गरजच नव्हती."

"मारुतीने बघितलंय."

मालक मध्येच म्हणाले, "तो बिचारा आता कोणाचंही नाव घेईल. आणि गायकवाड, नवमीला तुम्ही स्वतः नागपूरला होता ना? मग तिथे काय झालं हे तुम्हाला काय माहीत?"

मी तिथे नव्हते, म्हणून चूक माझी असूच शकत नव्हती. मी तिथे नव्हते, म्हणून मला बोलायचाही अधिकार नव्हता. इतकं चोख गणित मी पुढे सॉफ्टवेअरमध्येही पाहिलं नाही.

आणि तेव्हा मला साहेबांची दोरी दिसली. शर्टाचं वरचं बटण उघडं होतं, तिथून नेहमीसारखी डोकावत होती. पांढरीशुभ्र दोरी छातीपाशी गुलाबी झाली होती. धुतली होती, घासून घासून धुतली होती, पण कुंकू ते कुंकू. कुंकवाच्या हातांनी त्यांनी किल्ली ओवली होती आणि तशीच गळ्यात घालून घरी गेले होते. मी बघत राहिले. मी कुठे बघतेय हे त्यांनी बघितलं. त्यांनी सावकाश शर्टाचं वरचं बटण लावलं.

"त्यांची दोरी बघा," मी मालकांना म्हणाले. "कुंकू लागलंय तिला. दसऱ्याआधी पांढरी होती."

मालक हसले नाहीत, पण हसू आवरल्यासारखे दिसले. "अहो, लिमये किल्ली विसरतील? तुम्हा सगळ्यांना ती शिस्त शिकवली कोणी?"

ज्या शिस्तीची मी जिथे तिथे गोष्ट सांगत फिरले, तिच्याच भिंतीआड ते आरामात उभे होते. भिंत बांधायला मीही विटा वाहिल्या होत्या. साहेबांनी मान खाली घालून टेबलावरचा पेपरवेट फिरवला. खोटं बोलणारी माणसं मी त्याआधीही पाहिली होती, पण त्यांच्यापैकी कोणाला मी डब्यातून चपात्या नेल्या नव्हत्या.

कॅन्टीनमध्ये त्या दुपारी कोणीतरी "तरी मी म्हणत होतो" एवढंच म्हणालं. पुढचं वाक्य मला लहानपणापासून पाठ आहे.

संध्याकाळी साहेब माझ्या टेबलाशी आले. खुर्ची ओढून जवळ बसले. पहिल्यांदाच आवाज तसा घरगुती, मशीनशी बोलायचा.

"सुजाता," ते म्हणाले, "हे बघ, तू तरुण आहेस. आता सगळीकडे सॉफ्टवेअर येतंय, तुला हसत हसत नोकरी मिळेल. बाहेरची कंपनी येतेय, त्यांनी एकदा मला काढलं तर या वयात मला कोण घेणार? वहिनींचं औषधपाणी तुला माहीत आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस गं."

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी सुजाता म्हटलं नव्हतं, कधी तू म्हटलं नव्हतं. माझी मान आपोआप ताठ झाली.

"मला अहो म्हणा, साहेब," मी म्हणाले.

ते उठले. खुर्ची जागेवर नीट लावून ठेवली आणि गेले. मी राजीनामा दिला. मारुतीला गिऱ्हाइकाच्या कंपनीने काहीतरी देऊन मिटवलं, आणि गेटवर पहारेकरी म्हणून ठेवलं. मला तो पुढे भेटला की नेहमी म्हणायचा, "म्याडम, म्या कुनाला तुमचं नाव न्हाई सांगितलं." दोन बोटं गमावलेल्या माणसाला एवढं जमलं होतं.

साहेबांचं म्हणणं एका बाबतीत खरं ठरलं. मला नोकरी मिळाली, आणि पुढे मी खराडीला एका मोठ्या आयटी पार्कमध्ये आले. पण मुलाखतीत कोणी 'आधीची नोकरी का सोडली' विचारलं की माझी जीभ आजही जड होते. हडपसरच्या त्या लाइनमध्ये माझं नाव म्हणजे 'त्या किल्ली विसरणाऱ्या बाई'. एकदा एका प्रदर्शनात एका अनोळखी मुलाने मला हाच किस्सा सांगितला, बाईंचं नाव न सांगता, सुरक्षेचा धडा म्हणून.

शेवटचं दर्शन खराडीलाच झालं. दुपारी जेवून परत येत होते, आणि आमच्या इमारतीच्या लॉबीत लिफ्टच्या बटणांच्या पाटीपुढे एक म्हातारे गृहस्थ वाकून उभे होते. पाटीतल्या किल्लीच्या स्विचकडे बोट दाखवून लिफ्टवाल्याला विचारत होते, "अहो, ही किल्ली कुठल्या जागेवर निघते?" पाठ बघूनच ओळखलं. गळ्यात पाहुण्यांना देतात ते कार्ड, निळ्या पट्टीत अडकवलेलं. शेजारी त्यांचा मुलगा. तो आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर कामाला होता, हे मला त्या दिवशी कळलं.

साहेब वळले. मला बघून त्यांचा चेहरा आधी पडला, मग सावरला. मुलाचा दंड धरून म्हणाले, "ह्या गायकवाड. माझ्याकडे होत्या. इतके इंजिनियर तयार केले मी, पण ह्या एकट्या अशा, की ह्या कधी किल्ली विसरल्या नाहीत. कधीच नाही."

मुलगा ओशाळवाणं हसला. त्याला त्या वाक्याचा अर्थ कळायचं कारण नव्हतं. साहेब माझ्याकडे बघत होते, डोळे पाणावलेले, शाबासकीची वाट बघत असल्यासारखे. मला संताप आला. जिथे त्या वाक्याने माझी नोकरी राहिली असती, माझं नाव राहिलं असतं, तिथे चष्मा पुसत बसले, आणि इथे, लिफ्टची वाट बघणाऱ्या परक्या माणसांत, फुकटात देऊन टाकलं.

"वहिनी कशा आहेत?" मी विचारलं.

"गेल्या, अहो. दोन वर्षांपूर्वी."

मी मान हलवली. ते मुलाच्या आधाराने काचेच्या दाराकडे निघाले. दाराशी गार्ड उभा होता, पाहुण्यांची कार्डं परत घेण्यासाठी त्याच्यापुढे टोपली होती. साहेब टोपलीशेजारून तसेच पुढे गेले. हात गळ्याकडे गेला नाही. मुलगा गाडी आणायला धावला, साहेब रिक्षाच्या रांगेजवळ उन्हात उभे राहिले, छातीवर कार्ड लोंबतंय. गार्ड दारातून ओरडला, "बाबा, ओ बाबा, कार्ड!" त्यांना ऐकू गेलं नाही. गाडी आली, दार लागलं, गाडी गेली.

गार्ड हात झटकत परत आला आणि वहीत बघू लागला. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्याने आम्हाला बोलताना पाहिलं होतं.

"मॅडम, तुमच्या ओळखीचे ना? कार्ड गेलं. कोणाच्या नावावर लिहू, तुमच्या लिहू का?"

"नाही," मी म्हणाले. "लिमये. त्यांच्याच नावावर लिहा."

आणि त्याने नीट लिहीपर्यंत मी तिथून हलले नाही.